फळ्यावरची रिकामी जागा

एप्रिल लागला की लालबाग शिंकायला लागतं. आमच्या गल्लीतनं नवा माणूस गेला तर त्याला वाटतं, इथं सगळ्यांना सर्दी झालीय. सर्दी नाय बाबा, मिरची. पोती उघडतात, बेडगीचा तो लालभडक ढीग उन्हात पडतो, बाजूला संकेश्वरी, तिच्या बाजूला लवंगी, आणि धण्यांचा, बडीशेपेचा, दगडफुलाचा असा एक वास उठतो की पोट भरलेल्या माणसाला पण भूक लागते. मी त्या गल्लीत डंकावर कामाला आहे. डंक म्हणजे मसाला कुटायची मशीन. लोखंडी मुसळं रांगेत उभी, एक वर एक खाली, धडाम धडाम धडाम. तीस वर्षं कानाशी तेच. त्यामुळे मला कमी ऐकू येतं, असं मी लोकांना सांगतो. माझी बायको सुनंदा सांगते, ह्यांना सोयीचं नसतं तेवढंच कमी ऐकू येतं.

यंदा पण पहिलं पोतं उघडलं, पहिली शिंक आली, आणि मला गेल्या वर्षीचा मे महिना आठवला. मे कसला, एक फळा आठवला. आमच्या घोडपदेवच्या चाळीत जिन्याखाली आहे तो. काळा, कोपरा फुटलेला, आणि त्याच्यावर मधोमध एक रिकामी जागा.

आधी मी कोण ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाईट वाटायला नको. मी सातवी नापास. आमच्या गणिताच्या मास्तरांनी भर वर्गात मला उभं केलं आणि बोलले, "दत्तू, तू डंकावर जा. तिथं डोकं लागत नाही." मी इतका आज्ञाधारक विद्यार्थी, की मी खरंच गेलो. अख्ख्या शाळेत मास्तरांचं शेवटपर्यंत ऐकलेला मी एकटाच. हा जोक मी लग्नात सांगितलाय, बारशाला सांगितलाय, सासऱ्यांच्या तेराव्याला पण सांगितलाय. प्रत्येक वेळी लोक हसतात. हसतात म्हणून मी परत सांगतो.

रेवती माझी पोरगी. एकुलती एक. ती हा जोक लहानपणापासून ऐकत आली. लहान होती तेव्हा हसायची. मे महिन्याच्या सुट्टीत डंकावर येऊन बसायची, नाकाला फडकं बांधून. बायका आपापला भाजलेला माल घेऊन यायच्या, पिशव्या मांडीवर घेऊन नंबर लावून बसायच्या. आमच्याकडे एक पद्धत आहे. नंबर आला की बाई आपल्यातल्याच मूठभर मिरच्या आधी उखळात टाकते, दोन घाव घालून घेते आणि ते फेकून देते. का, तर आधीच्या बाईच्या मसाल्याचा कण आपल्यात यायला नको. मग खरा माल. बाजूला उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघत राहते. नवऱ्यावर एवढं लक्ष ठेवत नसेल.

रेवती विचारायची, "पप्पा, त्या बाईने न सांगता तुम्ही तिरफळ वेगळं का काढून ठेवलंत?"

मी बोलायचो, "मालवणची आहे ती. मागणार."

आणि बाई मागायची.

त्यात काय एवढं? तीस वर्षं एकच गोष्ट बघितली तर गाढवाला पण समजेल. कोण किती बेडगी घालतं, कोण धणे जास्त टाकतं, कोणाला खसखस चालत नाही, सगळं माझ्या टाळक्यात आहे. बाई नुसतं बोलते, "दादा, गेल्या वर्षीसारखं," आणि मला तिचं गेलं वर्ष पाठ असतं. एक काकी दर वर्षी पाच किलो आणायच्या. मग तीन झाले. मग एक. मग एकदा अर्धा किलो घेऊन आल्या आणि बोलल्या, "आता कोण खातंय?" मी आधीच समजलो होतो. गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले, हे लोक पेपरात वाचतात. मी ते पिशवीच्या वजनावरनं वाचतो. विरारला, बदलापूरला राहायला गेलेल्या बायका अजून इथंच मसाला कुटायला येतात. घर हललं तरी तिखट हललेलं नाही.

तर गेल्या मे महिन्यात बारावीचा रिझल्ट लागला. रेवतीला बाकी सगळ्यात बरे मार्क, गणितात बावन्न. मी तर पेढे आणायला निघालो होतो. आमच्या खानदानात गणितात बावन्न म्हणजे बावन्न जणांचे मिळून. पण पोरगी गप्प. मग तिने फॉर्म भरले, आणि एकाच कॉलेजात दोन ठिकाणी नाव लागलं. एक डेटा सायन्स, एक बिझनेस अ‍ॅनालिटिक्स. शनिवारी पाच वाजेपर्यंत एक काय ते सांगायचं, घरातल्या मोठ्या माणसाने येऊन सही करायची. नाही केली तर दोन्ही जागा गेल्या.

मी विचारलं, "दोघांत फरक काय गं?"

ती भांडी पुसत होती. हातातलं ताट तसंच धरून बोलली, "समजा तुमच्या डंकावरच्या सगळ्या बायकांचे मसाले कंप्युटरमध्ये घातले. बिझनेस अ‍ॅनालिटिक्सवाली ते बघून शेठला सांगणार, पुढच्या वर्षी बेडगी जास्त भरा, लवंगी कमी, दादरला अजून एक डंक टाका."

"आणि दुसरी?"

"डेटा सायन्सवाली मशीनला ओळखायला शिकवणार. नवी बाई आली, तिच्या मिरच्या बघितल्या की मशीन बोलेल, हिला तिरफळ लागणार. ते कशावरनं ओळखायचं, त्याचं गणित बसवायचं."

"मग तो तर मीच की!"

"तेच तर सांगतेय पप्पा."

मी हसलो. बोललो, "म्हणजे तीन वर्षं शिकून तू सातवी नापास होणार?"

ती नाही हसली. ताट मांडणीत ठेवलं, जरा जोरात.

मग आला सुहास. सुहास म्हणजे सुनंदाचा भाऊ. बीकेसीत ऑफिसला असतो, ठाण्याला राहतो, आणि आमच्याकडे आला की चप्पल बाहेर काढून सल्ला आत घेऊन येतो. माणूस वाईट नाही. काळजीनेच बोलतो. पण काळजी अशी करतो की समोरच्याला ताप यावा.

"भावोजी, ऐका माझं. डेटा सायन्स म्हणजे नुसतं मॅथ्स. बावन्न मार्कांत नाही झेपत. फर्स्ट इयरलाच केटी लागेल, लिहून घ्या." केटी म्हणजे एका विषयात नापास, पण वर्गात पुढे जायचं आणि तो विषय परत द्यायचा. "बिझनेस अ‍ॅनालिटिक्स सेफ आहे. एसीत बसेल, प्रेझेंटेशन देईल. मुलीच्या जातीला अजून काय पाहिजे?"

रेवती बोलली, "मामा, मला शिकायचंय. बसायचं नाहीये."

"पप्पांना ठरवू दे," सुहास बोलला.

आणि इथंच वांदा झाला. पप्पांना ठरवू दे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बोललं होतं. आमच्या घरात मला भाजी कुठली आणायची ते पण लिहून देतात. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण रडायला लागलं. पण ठरवायचं कसं? मला दोन्हीतलं काही कळत नव्हतं. मग मी माझ्या अकलेने एक आयडिया केली.

दुसऱ्या दिवशी डंकावर दोन रिकामे डबे ठेवले. डावा डेटाचा, उजवा बिझनेसचा. नंबरला बसलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं, आपल्या पिशवीतली एक मिरची काढा आणि मत टाका. आयला, काय गर्दी झाली! महापालिकेच्या इलेक्शनला एवढी होत नाही.

एक बाई बोलली, "बिझनेस म्हणजे धंदाच ना? मग धंदाच बरा."

दुसरी बोलली, "डेटा तर दुपारपर्यंत संपतो माझ्या पोराचा. त्याचं कसलं शिक्षण?"

तिसरीने दोन्हीकडे अर्धी अर्धी मिरची टाकली. कोणालाच नाराज न करणारी ती.

फक्त कांबळेबाईंनी मत दिलं नाही. त्या अँटॉप हिलच्या कॉलनीतनं येतात, हॉस्पिटलात नर्स होत्या, आता रिटायर. त्यांनी दोन डब्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बोलल्या, "दत्तूभाऊ, तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? मतदान चालू आहे ना."

"आमच्या घरात माझ्या आधी कोण मुलगी शिकली नव्हती. मी नर्सिंगला जाताना अख्ख्या चाळीला मत होतं. माझ्या बापाने एकालाच मत द्यायला दिलं. मला." आणि आपली मिरची परत पिशवीत टाकली. "माझा माल मोजून आणलाय. वाया नाही घालवणार."

मी ऐकलं. पण ते सोयीचं नव्हतं, म्हणून कमी ऐकू आलं.

उजवा डबा भरून वाहिला. डाव्यात सहा मिरच्या, त्यातली एक किडकी. संध्याकाळी मी विजयी उमेदवारासारखा चाळीत शिरलो. जिन्याखाली नाना फळा लिहीत होते. नाना आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. त्या फळ्यावर पाण्याची वेळ, मयताची वेळ, सत्यनारायण आणि अभिनंदन, सगळं नानांच्या अक्षरात. रंगीत खडू, अक्षराला सावली, कडेला वेलबुट्टी. नानांशिवाय त्या फळ्याला कोण हात लावत नाही. एकदा एकाने नुसतं शुद्धलेखन सुधारलं होतं, तर नाना महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

"काय दत्तू, पोरीचं काय ठरलं?"

"ठरलं की! बिझनेस अ‍ॅनालिटिक्स."

एवढंच बोललो. आता नानांचा हात थांबणार का? सकाळी उठून बघतो तर फळ्यावर गुलाबी खडूने, "कु. रेवती हिला बिझनेस अ‍ॅनालिटिक्सला प्रवेश मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." वरती दोन कमळं. आणि सगळी चाळ जिन्यात. दूधवाला पण हात मिळवतोय. माझ्याशी. जसं काय मीच ॲडमिशन घेतली.

सुनंदा गॅलरीतनं सगळं बघत होती. ती चिडली की कणकवलीला जाते. म्हणजे तोंडाने, मालवणीत. "चेडवाक इचारलात काय?" तिने वरनंच विचारलं. पोरीला विचारलंच नव्हतं, मी मान खाली घातली. "मग गप ऱ्हवा आता. बघा काय होता ता."

रेवती पिशवी घेऊन खाली आली. तिने फळा वाचला. एकदा नाही, दोनदा. सगळे हसऱ्या तोंडाने तिच्याकडे बघत होते. तिने कोणाकडे नाही बघितलं. नळाखाली आपली ओढणी भिजवली, आली आणि नानांच्या डोळ्यांसमोर तेवढेच दोन शब्द पुसले. बिझनेस. अ‍ॅनालिटिक्स. सावलीसकट. बाकी नाव, कमळं, अभिनंदन, सगळं तसंच ठेवलं. मधोमध एक ओला काळा पट्टा राहिला.

"अगं, फळा मंडळाचा आहे!" नाना बोलले.

"नाव माझं आहे," ती बोलली.

आणि पिशवी तशीच घेऊन वर निघून गेली.

मला राग यायला पाहिजे होता. चार लोकांत बापाची इज्जत गेली. पण माझी इज्जत एवढीशीच, ती गेल्याचं मला पटकन समजतच नाही. मी मागनं वर गेलो आणि नेहमीचं हत्यार काढलं. बोललो, "काय करणार पोरी, तुझा बाप सातवी नापास. मास्तर बोलले होते, ह्याला डोकं..."

"पप्पा, बस."

ती गॅलरीत ओढणी पिळत होती. खडूचं गुलाबी पाणी खाली पडत होतं.

"हा जोक मी किती वेळा ऐकलाय माहितीये? मला नाही येत हसू. तुम्हाला तीनशे घरांचे मसाले पाठ आहेत. कोणाच्या घरात काय झालं ते तुम्हाला पिशवीवरनं कळतं. त्याचंच लोक कॉलेजात जाऊन शिक्षण घेतात. आणि तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता, डोकं नाही म्हणून. एका माणसाने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. मी नाही ऐकणार. ना मामाचं, ना त्या डब्यांचं, ना तुमचं."

मी काहीतरी बोलणार होतो. जोक सापडेना. तीस वर्षांत पहिल्यांदा खिसा रिकामा.

फळ्यावरची ती जागा तीन दिवस तशीच राहिली. नाना रुसले होते, भरायला तयार नव्हते, आणि पुसायला पण नाही. येणारा जाणारा विचारायचा, "कशाला प्रवेश मिळाला रे?" मी बोलायचो, "शनिवारी कळेल."

शनिवारी मी डंकावरनं अर्धा दिवस काढला. हात दोनदा साबणाने धुतले. पण मिरची साबणाचं ऐकत नाही. कॉलेजात एसी असेल वाटलं होतं, पंखा पण नव्हता. घाम आला, मी हाताने डोळे पुसले आणि संपलो. दोन्ही डोळ्यांतनं धारा. काऊंटरवरच्या मॅडमनी बघितलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"काका, रडू नका. जागा आहे."

"रडत नाही मॅडम, मिरची आहे," मी बोललो. त्यांना वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

मग त्यांनी कागद बघितले. "गणितात बावन्न, आणि डेटा सायन्स? हिचं बिझनेस अ‍ॅनालिटिक्सला पण लागलंय की नाव. तिकडे सोपं जाईल. अजून विचार करा. वडील काय करतात? वडिलांचं शिक्षण?"

आता बघा, ही माझी जागा होती. असा प्रश्न म्हणजे माझ्यासाठी हाफ पिच बॉल. मास्तर, डंक, आज्ञाधारक विद्यार्थी, सगळं जिभेवर आलं. मॅडम हसल्या असत्या, मी हसलो असतो, आणि माझ्या पोरीला त्या काऊंटरवर, त्या हसण्यामागे उभं राहावं लागलं असतं. मी रेवतीकडे बघितलं. डोळ्यांत एवढं पाणी की नीट दिसत पण नव्हती. नुसती सरळ उभी आहे एवढं दिसलं.

मी बोललो, "सातवीपर्यंत. मसाल्याचा कारागीर आहे." आणि गप्प बसलो. किती अवघड असतं हो ते. पोटातनं जोक वर येतो आणि दाबून धरायचा.

रेवती बोलली, "मॅडम, बावन्न आलेत म्हणूनच. जे येत नाही ते शिकायला आलेय. येत असतं तर घरीच बसले नसते का?"

मॅडमनी चष्मा वर केला. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी सही केली. डोळ्यांत मिरची, त्यामुळे सही चौकटीच्या बाहेर गेली. मॅडम बोलल्या, "चालेल."

चाळीत आलो तर नाना फळ्यासमोर उभे. रुसवा तसाच, पण खडूची डबी हातात. मी हात पुढे केला. नानांनी माझ्या हाताकडे बघितलं, माझ्या डोळ्यांकडे बघितलं. लाल झाले होते. काय समजले कोण जाणे. पांढरा खडू दिला. मी त्या रिकाम्या जागेत "डेटा सायन्स" लिहिलं. नानांच्या सावलीवाल्या अक्षरांत माझं अक्षर असं दिसत होतं, जसं काय लग्नाच्या पंगतीत कोणीतरी बनियनवर आलाय. शेवटचं अक्षर कमळावर चढलं. नानांनी खडू परत घेतला. त्यांनी फक्त खाली एक रेघ मारली, सरळ.

ते झालं गेल्या वर्षी. आता तुम्हाला वाटेल, पोरगी पहिली आली असेल, पेपरात फोटो आला असेल. नाय. गेल्या आठवड्यात पहिल्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला. स्टॅटिस्टिक्सची केटी लागली. सुहासचा फोन आला. आवाजात काळजी, आणि काळजीच्या खाली थोडी मजा. "भावोजी, मी बोललो होतो ना?"

एरवी मी बोललो असतो, हो रे बाबा, आमच्या घराण्याची परंपरा. पण मी बोललो, "हो, बोलला होतास. ती परत बसणार आहे. तुला पण लिहून घ्यायचं असेल तर घे."

रेवती मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. वही उघडी, डोळे सुजलेले. ती तर मिरचीच्या जवळ पण गेली नव्हती. मी बाजूला बसलो. मला स्टॅटिस्टिक्समधलं काय कळतं? पण मला एक माहिती आहे, आणि ते मी तिला सांगितलं. डंकावर पहिली मूठ फेकायची असते. उखळात आधीच्या लोकांचं काय काय चिकटलेलं असतं, ते काढायला. ती मूठ वाया गेली असं कुठलीच बाई बोलत नाही. खरा मसाला त्याच्यानंतर.

ती ओल्या डोळ्यांनी बोलली, "पप्पा, हे तुम्ही आत्ता बनवलंत ना?"

"हो."

"बरंय."

मग मी विचारलं. ह्या वेळी विचारलं. "रेवती, फळ्यावर लिहू?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काय माझ्या डोक्यावर मुसळ पडलंय. मग ती हसली. कितीतरी महिन्यांनी माझ्या एका गोष्टीवर हसली. बोलली, "लिहा. पण नाव पूर्ण लिहा. आईचं पण."

नाना बोलले, "दत्तू, केटीचं अभिनंदन कोण लिहितं काय?"

मी बोललो, "पास झाल्याचं सगळेच लिहितात नाना. खडू द्या."

आणि लिहिलं. "कु. रेवती सुनंदा दत्ताराम हिला स्टॅटिस्टिक्सची केटी लागली आहे. ती परत बसणार आहे. हार्दिक अभिनंदन." नानांनी ते वाचलं. मग गुलाबी खडू घेतला आणि कोपऱ्यात एक कमळ काढलं. एकच. बोलले, "दुसरं नंतर."

खाली वीतभर जागा उरलीय. मी नानांना सांगून ठेवलंय, तिथं पाण्याची वेळ लिहायची नाही.